पाणी आलंच नाही

खोटं बोलणारं पोर मी आवाजावरून ओळखते, असा माझा सव्वीस वर्षांचा समज होता. त्या समजापायी एक मुलगी खाडीत गेली. म्हणून हे लिहायला बसले आहे. स्वतःला सोडून दुसऱ्या कोणाला बोल लावायचा नाही असं ठरवलंय खरं, कितपत जमतं ते बघू.

मी हेमलता सारंग. आडबंदरच्या हायस्कुलात ग्रंथपाल. आमच्या ग्रंथालयात माझ्याही आधीपासून एक रीत आहे, परतीचा प्रश्न. मुलानं पुस्तक परत आणलं की खिडकीशी उभं राहायचं आणि मी त्या पुस्तकातला एकच प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर नोंदवहीत 'वाचले' आणि हातात दुसरं पुस्तक. चुकलं तर 'वाचले नाही' आणि तेच पुस्तक पुन्हा घरी. प्रश्न असा काढायचा की मागचं पान चाळून किंवा शेजारच्याला विचारून भागू नये. मुलं पाठीमागे मला फौजदारीण म्हणतात. मला ते आवडायचंही.

पण फौजदारीण असून उपयोग काय? तीनशेचाळीस मुलांच्या शाळेत माझ्या खिडकीशी यायची जेमतेम पन्नास. गोष्टीचा तास घेतला, प्रदर्शनं मांडली, पेन्सिली वाटल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मुलं पेन्सिली घेऊन जायची.

गेल्या जूनमध्ये निहार पाटकर आला. माझा जुना विद्यार्थी. परतीच्या प्रश्नाला कधीही न चुकलेला एकमेव मुलगा. पुण्यात इंजिनियर झाला होता. त्यानं शाळेसाठी तीन खोकी आणली होती. त्यात होती जाणती पुस्तकं.

दिसायला साधं पुस्तक. पुठ्ठ्याच्या आत एकच जाड पान, कागदासारखंच मऊ, त्यावर अक्षरं उमटायची आणि पुसली जायची. कोपरा दाबला की पुढचा मजकूर. खरी करामत वरच्या कडेत होती. तिथे मोहरीएवढे दिवे होते, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारे, आणि त्यांच्या शेजारी तेवढेच बारीक कॅमेरे.

"बाई, आपल्याला वाटतं वाचताना डोळा ओळीवरून सरकतो," निहार म्हणाला. "तो सरकत नाही, उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार. दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर थांबतो आणि त्या थांब्यात वाचतो. शब्द जड असला की थांबा लांबतो. कंटाळा आला की डोळा ओळ सोडून भटकतो. गोडी लागली की डोळ्यातली बाहुली मोठी होते. शिवाय पुस्तक धरलेल्या अंगठ्यातून नाडी कळते."

"बरं, मग?"

"मग पुढचं पान उलटायच्या आधीच त्या मुलासाठी नव्यानं लिहिलं जातं."

"म्हणजे शब्द सोपे होतात?"

"शब्द, वाक्यं. थोडंफार इकडचं तिकडे."

थोडंफार म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. प्रत्येक पुस्तकाला एक प्रश्न काढण्यात जन्म घालवलेली मी, हा एवढा प्रश्न मला सुचला नाही.

प्रत्येक पुस्तक त्या मुलाचा रसांक काढायचं, शंभरपैकी. शाळेचा रसांक जूनमध्ये एकतीस होता, दिवाळीला अठ्ठ्याऐंशी. मधल्या सुट्टीत पोरं डबा एका हातात नि पुस्तक दुसऱ्या हातात धरून बसायला लागली. पुस्तकाला आजवर हात न लावलेला आठवीतला एक दांडगट मुलगा घंटा झाली तरी पायरीवरून उठेना, तेव्हा मी खिडकी लावून घेतली आणि आत बसून चक्क रडले. आमचे मुख्याध्यापक कुबलसर तर हवेतच होते. जानेवारीत राज्याचा वाचनगौरव पुरस्कार आम्हाला मिळणार, असं पक्कं कळलं होतं.

आता माझी अक्कल ऐका. त्याच सहा महिन्यांत परतीच्या प्रश्नाला चुकीची उत्तरं वाढत चालली होती. नोंदवहीत 'वाचले नाही' अशा एकेचाळीस नोंदी झाल्या. मी म्हटलं, नवशिकी पोरं आहेत, नुसती पानं दाबतात नि थापा मारतात. मी अठ्ठ्याऐंशीवरही खूश होते आणि नोंदवहीवरही ठाम होते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या पुस्तकांत 'जुव्याची वाट' हे आमच्या गावचं पुस्तक घालावं, असा हट्ट माझाच. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. गावातल्याच एका निवृत्त मास्तरांनी साठ वर्षांपूर्वी लिहिलेली ही कादंबरी, छापल्या प्रती तीनशे. दत्तू आणि त्याची धाकटी बहीण येशी ओहोटीला जेट्टीजवळून वाळूच्या पुळणीवर उतरतात आणि शंख आणायला चालत जुव्यावर जातात. नवव्या प्रकरणात भरती येते. बघणाऱ्याला वाटतं पाणी समुद्राकडून, समोरून येणार. आमच्या खाडीत ते तसं येत नाही. आधी किनाऱ्यालगतचा खोल पाट भरतो, म्हणजे परतीची वाट पहिल्यांदा बुडते. दत्तू समुद्राकडे बघत निवांत उभा असतो, पायाखाली वाळू कोरडी असते आणि पाठीमागे पाट भरलेला असतो. तो येशीला मासेमारीच्या खुंटावर चढवतो आणि स्वतः वाहून जातो.

गावातलं वाचणारं प्रत्येक मूल सहावीत हे पुस्तक वाचतं. माझा त्यावरचा प्रश्न ठरलेला, पाणी कुठून आलं? उत्तर, पाठीमागून.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी कस्तुरी चौगुले ते पुस्तक परत करायला आली. सहावीतली, अंगानं बारीक, केसांना गच्च तेल. वडील सर्जेराव वीजमंडळात लाइनमन, जूनमध्येच शिरोळकडून बदलून आलेले. घाटावरची म्हणून पोरं तिला चिडवायची, आणि ती मधली सुट्टी माझ्या ग्रंथालयात काढायची.

"पाणी कुठून आलं?" मी विचारलं.

"कुठलं पाणी, बाई?"

मागच्या रांगेत खसखस पिकली.

"दत्तू आणि येशी परत येताना काय झालं?"

"काय न्हाई झालं. शंख घेऊन घरी आली की दोघं. आईनं गरम भाकरी दिली."

पोरं आता मोठ्यानं हसायला लागली. मला राग आला, तिचा नव्हे, त्या एकेचाळीस जणांचा. पण समोर ती होती.

"कस्तुरी, न वाचता थापा मारायच्या असतील तर त्या दुसरीकडे मार. माझ्या खिडकीशी नको."

"वाचलंय ओ बाई. दोनदा वाचलंय." तिचा आवाज कापला, पण नजर खाली गेली नाही. "पाणी आलंच न्हाई."

मी नोंदवहीत लिहिलं, 'कस्तुरी स. चौगुले, वाचले नाही.' तेवढ्यावर न थांबता वही तिच्याकडे फिरवली, तिला वाचता यावं म्हणून. ती रडली नाही. पुस्तक छातीशी धरून गेली. शुक्रवारी मधल्या सुट्टीत आली नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. दहा वाजून वीस मिनिटांनी लहान सुट्टी झाली आणि सहावीतली तनया कुबडे माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक जाणतं पुस्तक होतं.

"बाई, हे कस्तुरीनं तुम्हाला द्यायला सांगितलं."

"ती कुठाय? वर्गात नाही?"

तनया फरशीकडे बघत राहिली. "जुव्यावर गेली हा."

"काय?"

"म्हणाली, शंख आणून बाईंच्या टेबलावर ओततंय, मग बघू थापा कोण मारता ता. शाळा भरायच्या आधी गेली. मी सांगितलंय तिका, जाव नको. तर म्हणता कशी, पुस्तकात पाणी येणाच नाय."

माझ्या टेबलामागे बंदराची दिनदर्शिका टांगलेली असते. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पूर्ण ओहोटी, दुपारी अडीचला भरती. अमावास्या होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाण अजून उतरलेलं नव्हतं. पाणी सहा तास सारखं चढत नाही. पहिल्या तासात चढलेलं कळतही नाही, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते धावतं. ओहोटीला सव्वादोन तास होत आले होते. धाव सुरू झाली होती.

मी हाक मारून कुबलसरांना बोलावलं आणि त्यांनी जेट्टीवर फोन केला. जुव्याची वाट जेट्टीजवळच्या पुळणीवरून, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथले चार जण धावले. पाच मिनिटांत उलटा फोन आला. पुळण अर्धी बुडाली होती, वाळूवर कोणी नव्हतं आणि उरलेल्या वाळूवर पावलंही नव्हती.

"मग गेली कुठून?" कुबलसर ओरडले. खाडी आमच्याकडे कोसभर रुंद. होडी एका टोकाला शोधत राहिली तर दुसऱ्या टोकाला अर्धा तास पोचत नाही.

माझं लक्ष पुस्तकाकडे गेलं. ती पुस्तकात वाचून गेली होती. मग वाट पुस्तकातच असणार.

मी ते उघडलं. 'जुव्याची वाट', प्रकरण तिसरं. दत्तू आणि येशी घरातून निघत होती. मी भराभर वाचायला लागले आणि दुसऱ्याच परिच्छेदाला अक्षरं विरघळली. त्या जागी नवी ओळ आली, 'दोघांनाही कसलीच घाई नव्हती. आज सगळं नीट होणार होतं.' कोपरा दाबला. 'येशीनं दीर्घ श्वास घेतला. काळजीचं काही कारण नव्हतं.' पुन्हा दाबला. तिथे तर दोघं घराच्या ओटीवरच बसून राहिली होती.

माझ्या अंगठ्यातून त्याला माझी नाडी कळत होती. मी घाबरलेय हे त्यानं ओळखलं होतं आणि ते माझी समजूत घालत होतं. मुलगी खाडीत, आणि हे पुस्तक मला थोपटून निजवायला निघालेलं. मी ते टेबलावर टाकलं आणि निहारला फोन लावला.

"निहार, गोष्ट किती बदलते? खरं सांग. एक मुलगी पाण्यात आहे."

तो सांगायला लागला. सुरुवातीला फक्त गोडी बघितली जायची. मग पालकांच्या तक्रारी आल्या, मुलं वाचताना घाबरतात, रडतात. ऑगस्टमध्ये एक नियम घातला. भीतीनं नाडी एका मर्यादेच्या वर गेली की प्रसंग सौम्य करायचा.

"सौम्य म्हणजे?"

"म्हणजे... तरी गेली नाही तर काढून टाकायचा."

"आणि मूल पाण्यालाच घाबरत असेल तर?"

"मग त्याच्या पुस्तकात पाणी उरणार नाही, बाई."

शिरोळ. कृष्णेचा महापूर. ही मुलगी चार वर्षांची असताना दोन दिवस छपरावर बसून होती, हे मला पुढे सर्जेरावांनी सांगितलं. मी सहा महिन्यांत कधी विचारलंच नव्हतं. पुस्तकाला मात्र ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"तिनं वाचलेली गोष्ट मला आत्ता हवी आहे," मी म्हटलं.

"आमच्याकडे नसते. मुलांची माहिती साठवायला बंदी आहे. त्या पुस्तकातच शेवटची प्रत असते, पण तुम्ही वाचायला लागलात की ती तुमची होत जाते. किती वेळा कोपरा दाबलात?"

"दोनदा."

"मग पुढचं अजून तिचं असेल. डोळे आणि बोट कळलं नाही तर ते काही बदलत नाही. पण न बघता वाचणार कसं?"

मी फोन तसाच ठेवला. माझ्या खणात पुस्तकांच्या कण्याला लावायची काळी कापडी पट्टी असते, जिल्दीची. वीतभर फाडली आणि पुस्तकाच्या वरच्या कडेवर गच्च चिकटवली. पुस्तक टेबलावर उताणं ठेवलं, हात न लावता पेन्सिलीनं कोपरा दाबला. अक्षरं जागच्या जागी राहिली. पट्टीखालचं पुस्तक आंधळं झालं होतं आणि मला कस्तुरीचं वाचायला मिळत होतं.

ते फार सुंदर लिहिलेलं होतं. हे सांगायला मला आवडत नाही, पण खरं आहे. चौथ्या प्रकरणात येशी म्हणते, जेट्टीजवळ खोल पाणी आहे, तिकडून नको. मग दत्तू तिला गावाच्या वरच्या अंगाला, कोळंबीच्या जुन्या तळ्यांकडे नेतो. 'तिथून कांदळवनातून एक बांध थेट जुव्यापर्यंत जात होता, आणि त्या वाटेवर पाण्याचं नावही नव्हतं.'

बांध खरा होता. यंत्रानं तो कुठल्याशा नकाशातून उचलला असणार. पण कोळंबीची तळी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती आणि बांध मधोमध फुटला होता. पूर्ण ओहोटीला त्या खांडीत घोटाभर चिखल असतो. भरतीला तिथून अख्खी खाडी आत शिरते.

"कोळंबीची तळी!" मी कुबलसरांना ओरडून सांगितलं आणि पळत सुटले. छप्पन्नाव्या वर्षी, साडीत. तळी शाळेच्या मागेच आहेत, तीनशे पावलांवर, म्हणून सगळ्यांच्या आधी मीच पोचले. मोतीराम तांडेल आपली होडी कांदळात बांधून जाळं विणत बसला होता. सत्तरीचा म्हातारा. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं दावं सोडलं.

"बाई, मधी बसान रव्हा. काय झाला तरी उठा नको."

कांदळाच्या फांद्या बाजूला सारत आम्ही बाहेर आलो आणि ती दिसली.

बांधाचा पलीकडचा तुकडा पाण्याच्या वर हातभर उरला होता. त्यावर कस्तुरी उभी होती. शाळेच्या गणवेशात, डोक्यावर दोन्ही हातांनी कापडी पिशवी धरून. तिच्या आणि आमच्या मध्ये खांड होती, वीस-पंचवीस हात रुंद, आणि तिच्यातून पाणी तपकिरी, जाड होऊन आत घुसत होतं. ती आमच्याकडे बघत नव्हतीच. ती समुद्राकडे बघत होती. पाणी आलंच तर तिकडून येईल असं तिला वाटत असावं.

"कस्तुरी!"

तिनं वळून पाहिलं. खांड पाहिली. सकाळी जिथून चिखल तुडवत आली तिथं आता काय होतं ते पाहिलं, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

"चेडवाक सांगा, हलाचा नाय!" मोतीराम होडी आडवी धरायला धडपडत होता. "ओढ मोठी आसा. माका वरसून फिरान येवक व्हया. तवसर तिना उडी मारूक नको."

"कस्तुरी, उभी राहा! हलू नकोस!"

पण ती हलली. एक पाऊल पाण्यात टाकलं. गुडघ्यापर्यंत गेली आणि पुस्तकात सांगितलेली वाट शोधत पाय पुढे चाचपायला लागली. "वाट हाय हितं!" ती रडत ओरडली. "बांध हाय! मी वाचलंय!"

मला तेव्हा कळलं की ती माझं ऐकणार नाही. तिनं का ऐकावं? चार पोरांसमोर तिला थापाडी म्हणणारी बाई मी. या जगात तिच्यावर विश्वास ठेवणारं एकच होतं, आणि त्यानं तिला सांगितलं होतं की इथे वाट आहे.

मोतीरामनं बजावलं होतं तरी मी होडीत उभी राहिले.

"तू वाचलंस!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "कस्तुरी, तू खरंच वाचलंस! दोनदा वाचलंस! मला माहीत आहे! माझं चुकलं, मी खोटी, तू खरी!"

तिचा पाय थांबला.

"पण पुस्तक खोटं आहे, बाळा! तिथं वाट नाही! मागे जा, बांधावर जा, खाली बस! आम्ही येतोय!"

ती तशीच उभी. पाणी मांडीला लागलं होतं, पिशवी अजून डोक्यावर. मग तिनं मागे पाऊल घेतलं. अजून एक घेतलं. बांधाच्या मातीवर बसली आणि दोन्ही गुडघे पोटाशी घेतले. मोतीरामला वरून वळसा घालून तिथवर पोचायला चार मिनिटं लागली असतील, तेवढ्यात तिच्या बुडाखालची माती ओली झाली होती. त्यानं तिला दंडाला धरून होडीत ओढलं. ती माझ्या अंगावर पडली. लाकूड झाली होती नुसती, थरथरतही नव्हती.

"पाठीमागनं आलं ओ बाई," ती माझ्या पदरात म्हणाली. "पुस्तकात असं नव्हतं."

मी तिला घट्ट धरून बसले.

पुढच्या पंधरवड्यात चौकशी समिती आली. तीन माणसं आणि पुस्तकं बनवणाऱ्या कंपनीचा वकील. आदल्या दिवशी कुबलसरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही, पण पुरस्काराची पाटी त्यांनी भिंतीवर मनातल्या मनात ठोकून ठेवली होती.

"बाई, तुम्ही काही बोलूच नका. नोंद तुमच्याच हातची आहे, 'वाचले नाही'. मुलीनं पुस्तक वाचलंच नव्हतं, ती आपल्या मनानं गेली. पुस्तकाचा दोष नाही, शाळेचा नाही, तुमचाही नाही. दोन वर्षं राहिलीत तुमची, कशाला ओढवून घेता?"

"आणि कस्तुरी?"

"लहान आहे. विसरेल."

रात्रभर मला ती नोंदवही दिसत होती. सव्वीस वर्षांत एकाही पालकानं, एकाही शिक्षकानं माझ्या नोंदीवर बोट ठेवलं नव्हतं. तेवढीच माझी कमाई. वकिलानं दुसऱ्या दिवशी नेमकं तेच पान समितीसमोर उघडलं आणि माझ्याच सुंदर अक्षरातली ओळ वाचून दाखवली. कोपऱ्यात सर्जेराव चौगुले टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "न वाचताच गेलीस व्हय गं?" आपलं खरं कोणी मानत नाही, याची तिला आता सवय झाली होती.

"ती नोंद खोटी आहे," मी म्हणाले. "मुलीनं पुस्तक वाचलं होतं. मी विचारलेला प्रश्न तिच्या पुस्तकातून काढून टाकला होता."

"मग तुमच्या बाकीच्या नोंदींचं काय?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"जूनपासूनच्या एकेचाळीस. त्या सगळ्याच खोट्या असणार."

हे म्हणताना मला लाज वाटली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. पुरस्कार गेला. पुस्तकं खोक्यांत बंद होऊन पुण्याला परत गेली. निहार स्वतः न्यायला आला होता, माझ्या नजरेला नजर न देता खोकी मोजत राहिला. मी त्याला चहा दिला. एकेचाळीस मुलांना मी एकेक करून भेटले आणि माफी मागितली. बरीचशी लाजली. तो आठवीतला दांडगट म्हणाला, "असू दे बाई, पण ती पुस्तकं परत कधी येणार?" त्याला काय सांगायचं ते मला अजून समजलेलं नाही. खिडकीशी मुलं आता साठ-सत्तरच येतात.

जानेवारीच्या अखेरीला कस्तुरी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, खरं पुस्तक द्या."

"कुठलं?"

"दत्तूचं. छापील."

"त्यात काय होतं ते तुला आता माहीत आहे ना?"

"पोरं सांगत्यात. मला वाचायचं हाय."

छापील प्रत ग्रंथालयात एकच उरली आहे. ती घरी दिली असती. पण तनया म्हणाली, तिलाही हवी. मग आणखी चौघं म्हणाली. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पुस्तकात काही ना काही वेगळं घडलं होतं. एकाच्या पुस्तकात येशीच नव्हती, एकाच्या पुस्तकात दत्तूला होडी मिळाली होती. कोणाचं खरं यावरून त्यांची भांडणं चालली होती. म्हणून मी सहावीचा अख्खा वर्ग शनिवारी ग्रंथालयात बोलावला, तेहतीस मुलं, आणि दर शनिवारी दोन प्रकरणं मोठ्यानं वाचायचं ठरलं. ज्याला वाटेल त्यानं वाचावं.

नववं प्रकरण कस्तुरीनं मागून घेतलं. मी नको म्हणणार होते. पण तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तक दिलं.

ती उभी राहिली. सुरुवातीला भरभर वाचत गेली, घाटी हेल काढून, आणि कोणी हसलं नाही. पाट भरायला लागला तशी तिची गती कमी झाली. दत्तू बहिणीला खांद्यावर घेतो त्या ओळीला ती थांबली, तीच ओळ पुन्हा वाचली. तिची नाडी काय म्हणत असेल ते मोजणारं तिथं काही नव्हतं. मी खुर्चीची कड धरून बसले होते, एका हातानं तिला खूण करावी, पुरे म्हणावं, असं शंभरदा वाटलं. तिनं वर पाहिलंच नाही. बोट ओळीखाली ठेवून एकेक शब्द वाचत ती पुढे गेली, येशी खुंटावर चढली, पाणी दत्तूच्या गळ्याला लागलं. त्या दिवशी दत्तू तेहतीस मुलांसाठी एकाच वेळी बुडाला.

कस्तुरी गप्प झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तनया हुंदके देत होती. मागच्या बाकावर कोणीतरी नाक ओढलं.

मग तिथूनच, दुखावल्यासारखा, हळू आवाज आला.

"थांबलंस कित्याक? फुडे वाच गो."

कस्तुरीनं पान उलटलं.